अन्ननलिकेला भोक पडलं तर स्टेंट की व्हॅक्यूम स्पंज?

एंडोस्कोपी करताना किंवा घशाखाली अडकलेलं हाड काढताना अन्ननलिकेला भोक पडलं की पूर्वी थेट छाती उघडायचाच विचार व्हायचा, आता बऱ्याच पेशंटचं आतूनच भागतं. भोक छोटं आणि ताजं असेल, साधारण 1 सेंमीपर्यंत, तर क्लिप लावतात. खरा प्रश्न मोठ्या जखमेचा.

स्टेंट म्हणजे आवरण घातलेली जाळीची नळी, ती आतून भोक झाकते, काही आठवडे तशीच राहते आणि पेशंट लवकर पातळ काहीतरी घ्यायला लागतो, हा केवढा दिलासा! पण ती सरकते, आणि बाहेर छातीत साचलेला पू काही काढत नाही, त्याला वेगळी नळी घालावी लागते.

स्पंजचं उलटं, जखमेत स्पंज ठेवून नाकातून काढलेल्या नळीने सतत सक्शन देतात, घाण बाहेर येते, जखम आकसत जाते. फक्त दर 3 ते 5 दिवसांनी परत एंडोस्कोपी करून तो बदलायचा, तोवर तोंडाने खाणं बहुतेक बंदच, पेशंट पार थकून जातो. तरी पू झाला असेल तर मला स्पंजच बरा वाटतो.

आणि तपासणीनंतर छातीत जोरात दुखलं, ताप आला किंवा मानेची कातडी दाबल्यावर करकर जाणवली तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.