लेकीची आठवणींची वही: हाताने चिकटवायची की छापून आणायची?
आम्ही इथे इंदूरला दोन्ही करून बघितलं. छापील फोटोबुक झटपट होतं, हरवलं तर परत छापता येतं, पण दत्तक संस्थेतून आमच्या घरी येताना घातलेलं तिचं झबलं त्यात कुठे ठेवणार? हाताच्या वहीत ते बसतं, राजवाड्यासमोरचा पहिला फोटो, आजीच्या अक्षरातल्या दोन ओळी, मधेच वरणाचा डाग पण (असू दे). फक्त कागद ॲसिड-फ्री घ्या, ते जुने चिकट पानांचे अल्बम नकोच, गोंदाने फोटो पिवळे पडतात. आणि दत्तक आदेश, जो २०२२ पासून कोर्टाऐवजी कलेक्टर देतात, त्याची ओरिजिनल कॉपी चिकटवू नका हं, झेरॉक्स लावा. छापील आजी-आजोबांना वाटायला छान, पण लेक रोज रात्री मागते ती डागवालीच.