सुटीत सगळ्या शाळेने एकच गोष्ट वाचायची, तर स्टोरीवीव्हर कितपत कामाचं?

असा उपक्रम बहुतेक वेळा प्रतींपाशी अडतो. शाळेच्या कपाटात एका पुस्तकाच्या दोन-तीन प्रती आणि मुलं दीडशे-दोनशे. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या ना-नफा संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेलं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ नेमकी हीच अडचण सोडवतं. गोष्टी मोफत आहेत आणि सीसी बाय ४.० या खुल्या परवान्यामुळे (श्रेय दिलं की वापराची मोकळीक) हव्या तितक्या छापून वाटता येतात. फक्त लेखक, चित्रकार, अनुवादक यांच्या श्रेयाचं शेवटचं पान सोबत ठेवावं लागतं. कागद वाचवायच्या नादात हटकून तेच गाळलं जातं.

गोष्टी चार पातळ्यांत आहेत: पहिलीत २५० शब्दांपर्यंत, दुसरीत ६००, तिसरीत १५००, चौथीत त्याहून मोठ्या. पातळी आणि इयत्ता यांची गल्लत करू नका. पहिली ते पाचवीच्या शाळेला सामाईक गोष्ट दुसऱ्या पातळीचीच घ्यावी. मोठ्याने वाचायला सात-आठ मिनिटं लागतात, म्हणजे चौथीतली ताई धाकट्याला एका बैठकीत वाचून दाखवू शकते.

मराठी अनुवादांचा दर्जा मात्र वरखाली आहे. तिथे कुणालाही अनुवाद प्रसिद्ध करता येतो, त्यामुळे हिंदी वळणाची वाक्यं आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भेटतात. प्रकाशक म्हणून प्रथम बुक्सचं नाव असलेल्या गोष्टी आधी पाहा. त्याही निवडण्यापूर्वी एका शिक्षकाने मोठ्याने वाचाव्यात. जिथे जीभ अडखळते ते वाक्य मुलांना झेपणार नाही. परवान्यात बदलाची मुभा आहे, तेव्हा सुधारलेली आवृत्ती खुशाल करा.

बऱ्याच गोष्टी एकापेक्षा जास्त भाषांत आहेत, ही सगळ्यात जमेची बाजू. इंग्रजी माध्यमातलं मूल, मराठी वाचणारी आजी आणि घरी हिंदी बोलणारा वर्गमित्र एकाच गोष्टीवर गप्पा मारू शकतात. असा फायदा छापील संचात क्वचितच मिळतो.

छपाईचं गणित: वाचायला नोंदणी लागत नाही, पीडीएफ उतरवायला लागते. पानं बहुधा आडवी असतात. ए-४ कागदावर एका बाजूला दोन पानं बसवून पाठपोट छापलं तर १६ पानांची गोष्ट ४ कागदांत मावते. एका बाजूला चार पानं बसवू नका, अक्षर फार बारीक होतं. गडद चित्रावर मजकूर असेल तर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तो चित्रातच बुडतो. आधी एकच प्रत काढून पाहा.

मे ते जूनच्या मध्यापर्यंत चार गोष्टी पुरेत. व्हॉट्सॲपवर सगळ्या एकदम टाकल्या तर ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली गडप होतात. दर दहा दिवसांनी एक टाका, आणि लिंकऐवजी पीडीएफच पाठवा, म्हणजे एकदा उतरवली की रेंज नसलेल्या गावीही ती उघडते.