जीएनयू मेक: चौदा मेकफाइलींची एक लायब्ररी करताना

रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीत आमची चार जणांची कार्यशाळा आहे. काजूगर वाळवण्याच्या ड्रायरचे तापमान नोंदवणारे बोर्ड, बर्फ कारखान्यांसाठी लहान कंट्रोलर आणि बंदरावर मासळी तोलणाऱ्या काट्यांचे डिस्प्ले हे आमचे मुख्य काम. यंत्रे लहान असली तरी प्रत्येकाच्या पोटात सी भाषेतला प्रोग्रॅम असतो आणि तो कंपाइल करण्यासाठी, म्हणजे चिपला कळणाऱ्या रूपात आणण्यासाठी, आम्ही सुरुवातीपासून जीएनयू मेक हे साधन वापरत आलो आहोत. मात्र प्रत्येक नव्या कामाची मेकफाइल, म्हणजे काय कशापासून बनवायचे ते मेकला सांगणारी फाइल, आम्ही आधीच्या कामातून उचलून आणत असू, आणि असे चौदा प्रकल्प झाल्यावर एका ठिकाणी केलेली दुरुस्ती उरलेल्या तेरा ठिकाणी कधीच पोहोचत नाही, हे वारंवार अनुभवाला येऊ लागले. म्हणून सर्वांना समान असलेला भाग बाजूला काढून आम्ही त्याची एक लायब्ररी केली. अशी लायब्ररी ज्याच्यावर उभी करायची, त्या मेकची खरी पारख या कामात झाली.

माझे मत आधीच सांगतो. मेक अतिशय विश्वासू आहे, पण अबोल आहे. विचारले तर तो सगळे सांगतो; स्वतःहून हरकत मात्र क्वचितच घेतो. त्यामुळे मेकफाइल लायब्ररी म्हणजे केवळ नियमांचा साठा, असे मानणारा माणूस लवकरच अडचणीत येतो. जिथे मेक गप्प बसतो तिथे त्याला बोलते करणे, हे लायब्ररीचे मुख्य काम आहे.

मेक मुळात स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिला. आज लिनक्सवर मिळतो तो जीएनयू मेक रिचर्ड स्टॉलमन आणि रोलँड मॅग्राथ यांच्या हातचा असून १९९७ पासून पॉल स्मिथ त्याची देखभाल करीत आहेत. मूळ कल्पना इतक्या वर्षांत बदललेली नाही. तयार करायची फाइल आणि ती ज्यांवरून तयार होते त्या फाइली यांच्या वेळा ताडून पाहायच्या आणि मूळ फाइल नवी असेल तरच काम करायचे. साधन विनामूल्य आहे, आकाराने लहान आहे, आणि जुन्यातल्या जुन्या संगणकावरही त्याच्यामुळे थांबावे लागत नाही.

आमच्या लायब्ररीची रचना थोडक्यात अशी आहे. प्रकल्पाच्या मेकफाइलीत फक्त ‘काय’ लिहायचे: प्रोग्रॅमचे नाव, सोर्स फाइलींची यादी, कोणता बोर्ड आणि शेवटी लायब्ररीला इन्क्लूड करणारी (तिचा मजकूर तिथे जोडून घेणारी) एक ओळ. ‘कसे’ हा सगळा भाग लायब्ररीत राहतो: एव्हीआर चिपसाठी कोणता कंपाइलर, एआरएम चिपसाठी कोणता, ऑब्जेक्ट फाइली (प्रत्येक सी फाइल कंपाइल होऊन मिळणाऱ्या फाइली) कोणत्या फोल्डरमध्ये जातील, चिपमध्ये भरायची हेक्स फाइल कशी निघेल. पूर्वी शंभर-सव्वाशे ओळींची असणारी मेकफाइल आता दहा-बारा ओळींची झाली आहे. दोन बोर्डांसाठी एकच सोर्स वापरायचा असेल तर नियमांचा साचा लिहून ‘कॉल’ आणि ‘इव्हॅल’ या फंक्शनांनी तो प्रत्येक बोर्डासाठी उलगडता येतो. ‘इव्हॅल’ हे २००२ साली ३.८० आवृत्तीत आलेले फंक्शन नसते तर अशी लायब्ररी लिहिणे मला तरी शक्य झाले नसते.

तरीही सर्वाधिक वेळ याच फंक्शनाने खाल्ला. साचा दोनदा उलगडतो, एकदा ‘कॉल’च्या वेळी आणि पुन्हा ‘इव्हॅल’च्या वेळी. टार्गेटचे, म्हणजे तयार करायच्या फाइलीचे, नाव देणारे ‘$@’ साच्यात एकाच डॉलरने लिहिले, तर ते पहिल्या उलगड्यातच रिकामे होते आणि कंपाइलरला आउटपुट फाइलीचे नावच मिळत नाही. तिथे ‘$$@’ असे दोन डॉलर लागतात. हे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे, पण हाताला सवय लागेपर्यंत चुका होत राहतात. यावर साधा उपाय म्हणजे संशय आला की ‘इव्हॅल’च्या जागी ‘इन्फो’ लिहावे. मग मेक तो मजकूर अमलात आणण्याऐवजी पडद्यावर छापतो आणि कुठला डॉलर हरवला ते डोळ्यांना दिसते.

लायब्ररीला स्वतःचा पत्ता कळणे हाही असाच नाजूक भाग आहे. वाचलेल्या सर्व मेकफाइलींची यादी मेक ठेवतो आणि त्यातील शेवटचे नाव म्हणजे आत्ता वाचली जात असलेली फाइल. त्यावरून लायब्ररीचे फोल्डर काढता येते, परंतु ते लायब्ररीच्या अगदी पहिल्या ओळीत आणि ‘:=’ वापरूनच काढावे लागते. आम्ही सुरुवातीला साधे ‘=’ लिहिले होते. ‘=’ ने दिलेली किंमत गरज पडेल तेव्हाच ठरत असल्यामुळे, मधल्या काळात दुसरी एखादी फाइल इन्क्लूड झाली की ‘शेवटचे नाव’ बदले आणि लायब्ररी स्वतःला भलत्याच फोल्डरमध्ये शोधू लागे. अक्षर एकच, पण त्यात अख्खी दुपार गेली.

आता अबोलपणाविषयी. व्हेरिएबलचे नाव चुकले तर मेक त्याला रिकामे समजतो आणि पुढे जातो. सोर्सच्या यादीच्या नावात एक अक्षर चुकले तरी तो तक्रार करीत नाही. रिकाम्या यादीतून रिकामे काम करतो आणि शेवटी ऑब्जेक्ट फाइली जोडणारा लिंकर ‘मेन’ फंक्शन सापडत नाही म्हणून ओरडतो, तेव्हा शोधणारा माणूस सी फाइलींत हुडकत बसतो. म्हणून आमची लायब्ररी सुरुवातीलाच आवश्यक असलेले प्रत्येक नाव तपासते आणि ते रिकामे असेल तर ‘एरर’ फंक्शनाने, मराठीतून, कोणते नाव राहिले ते सांगून थांबते. न ठरवलेल्या व्हेरिएबलांबद्दल इशारा देण्याचा पर्याय मेकमध्ये आहेच. तो आम्ही लायब्ररीतूनच कायमचा चालू ठेवला आहे. शिवाय मेकमध्ये सगळी नावे सार्वत्रिक असतात, एका फाइलीपुरते नाव ही सोय नाही. त्यामुळे लायब्ररीच्या आतील प्रत्येक नावापुढे कार्यशाळेची आद्याक्षरे लावण्याचा नियम आम्ही काटेकोरपणे पाळतो.

याहून गंभीर गप्पपणा हेडर फाइलींबाबतचा, म्हणजे अनेक सी फाइलींना समान असलेल्या व्याख्यांच्या फाइलींबाबतचा. मासळीच्या काट्यावर रिकाम्या टोपलीचे वजन वजा करण्याची सोय घालताना आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलाने हेडरमधल्या एका स्ट्रक्चरमध्ये (एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गटात) एक नवा सदस्य वाढवला आणि वजन वाचणारी सी फाइल बदलली. डिस्प्लेची सी फाइल बदलण्याचे कारण नव्हते, म्हणून तिची जुनी ऑब्जेक्ट फाइल तशीच राहिली. परिणामी एका फाइलीच्या समजुतीने वजन एका जागी होते आणि दुसरीच्या समजुतीने दुसऱ्या जागी. वीस किलोचे प्रमाणित वजन ठेवले तरी काटा भलताच आकडा दाखवी. संध्याकाळी तो मुलगा म्हणाला, “सर, कोड मी तीनदा वाचला, त्यात चूक नाहीये. क्लीन करून परत कंपाइल केलं की काटा बरोबर दाखवतो, नाहीतर नाही.” त्याच्या त्या वाक्यात दोषाचे पूर्ण निदान होते. कोणती सी फाइल कोणत्या हेडरवर अवलंबून आहे, हे मेकला कोणी सांगितलेलेच नव्हते.

हे जीसीसी या कंपाइलरकडून लिहून घेता येते. ‘-एमएमडी’ हा पर्याय दिला की कंपाइल करतानाच जीसीसी प्रत्येक सी फाइलीसाठी हेडरांची यादी एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी लायब्ररी ती यादी इन्क्लूड करते. ‘-एमपी’ हा जोडपर्याय विसरू नये; त्याच्याविना एखादी हेडर काढून टाकली की जुन्या यादीत तिचे नाव राहते आणि ती बनवण्याचा नियम नाही म्हणून मेक अडतो. चौदाच्या चौदा प्रकल्पांना ही दुरुस्ती एकाच दिवशी मिळाली. लायब्ररीसाठी घेतलेल्या श्रमांची भरपाई त्या दिवशीच झाली, असे मी मानतो.

मात्र ही यादी पहिल्या कंपाइलनंतरच अस्तित्वात येते, आणि त्यातून आणखी एक प्रश्न निघाला. काजू कारखान्यातील कामगारांना वाचायला सोपे जावे म्हणून आमच्या डिस्प्लेवर देवनागरी अंक येतात. त्या अंकांच्या चित्रांवरून एक स्क्रिप्ट हेडर फाइल तयार करते. चार कामे एकदम चालवण्यासाठी ‘-जे४’ दिले की कधी ती हेडर आधी तयार होई, कधी नंतर, आणि कोऱ्या फोल्डरमध्ये कंपाइल करताना मधूनच चूक येई. अशा ठिकाणी नियमात उभ्या रेघेनंतर लिहिलेली अट कामाला येते: ती फाइल आधी अस्तित्वात असली पाहिजे, पण ती नवी झाली एवढ्याच कारणाने सर्व काही पुन्हा करू नये. असे लपलेले दोष शोधण्यासाठी २०२२ च्या ४.४ आवृत्तीत आलेला ‘शफल’ हा पर्याय मला मनापासून आवडला. तो कामांचा क्रम मुद्दाम बदलतो, आणि क्रमाच्या नशिबावर चाललेली मेकफाइल लगेच उघडी पडते. लायब्ररीत बदल केला की आम्ही प्रत्येक प्रकल्प या पर्यायासह अनेकदा चालवून पाहतो.

कोकणात राहणाऱ्यांसाठी विजेचा विषय स्वतंत्रपणे मांडायला हवा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हाही जाते, आणि ऐन कंपाइलच्या मध्यावर गेली तर अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल डिस्कवर उरते. तिची वेळ सोर्सपेक्षा नवी असल्यामुळे मेक तिला ताजी समजतो. कंट्रोल-सी दाबून थांबवले तर मेक अर्धवट टार्गेट स्वतः काढून टाकतो, कमांड अयशस्वी झाल्यास काढण्याचीही सूचना त्याला देता येते. पण वीजच गेली तर काढायला मेक शिल्लक नसतो. म्हणून आमची लायब्ररी प्रत्येक फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहिते आणि कमांड पूर्ण झाल्यावरच तिचे नाव बदलते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानंतर दुसरी अडचण कळली. वीज आली, पण इंटरनेट आले नव्हते. बोर्डावरचा सेल संपलेला एक जुना संगणक अनेक वर्षे मागची तारीख घेऊन सुरू झाला. त्यावर त्या दिवशी बदललेल्या सोर्स फाइली जुन्या ऑब्जेक्ट फाइलींपेक्षाही ‘जुन्या’ ठरल्या आणि मेकने त्या कंपाइलच केल्या नाहीत. वेळेत गडबड असल्याचा इशारा मेक देतो, पण तो शेकडो ओळींत वाहून जातो आणि काम थांबत नाही. आता संगणकाची तारीख लायब्ररीच्या आवृत्तीच्या तारखेहून मागे असेल तर लायब्ररी पुढे जाण्यास नकार देते. त्याच आठवड्यातील अनुभवावरून लायब्ररी नेटवरून ओढण्याऐवजी तिची प्रत प्रत्येक प्रकल्पाच्या आतच ठेवण्याचे आम्ही ठरवले.

इतर बाबी थोडक्यात. कमांडपूर्वी टॅबच हवा, स्पेस चालत नाही, ही नवशिक्यांची पहिली ठेच आहे; फेल्डमन यांना हे लवकरच खटकले होते, परंतु तोवर वापरणारे दहाबारा जण झाले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून ते राहून गेले. फाइलीच्या नावात मोकळी जागा असेल तर मेकचा निरुपाय होतो. अ‍ॅपलच्या संगणकासोबत येणारा मेक २००६ च्या ३.८१ आवृत्तीवर थांबलेला आहे, त्यामुळे आमची लायब्ररी आवृत्ती तपासून मगच पुढे जाते. विंडोजवर आणि लिनक्सवर सारखेच चालणारे मोठे सॉफ्टवेअर करायचे असेल, तर मी कोणालाही सीमेक या वेगळ्या साधनाकडेच पाठवीन.

एक तक्रार शेवटपर्यंत राहिली आहे. मेक फक्त फाइलींच्या वेळा पाहतो, कमांड बदलली का हे पाहत नाही. ऑप्टिमायझेशनचा पर्याय बदलला तरी त्याच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते आणि जुन्या-नव्या पर्यायांनी कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइली एकत्र येतात. यासाठी आम्ही कंपाइलरचे सर्व पर्याय एका लहान फाइलीत लिहून ठेवतो, मजकूर खरोखर बदलला असेल तरच ती फाइल नव्याने लिहितो, आणि प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीला तिच्यावर अवलंबून ठेवतो. हे नीट चालते, पण त्यासाठी लायब्ररीत बावीस ओळी खर्च झाल्या आहेत, आणि नव्याने आलेल्या मुलाला याच बावीस ओळी समजावून सांगायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो.