चढाला आरएक्स, उताराला स्प्लेंडर: दोन जुन्या गाड्या, आठ महिने

काकांची 98 ची हिरो होंडा स्प्लेंडर घरात होतीच, त्यात मी 95 ची यामाहा आरएक्स 100 बाईक घेतली आणि तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, भारी कोणती? कागदावर बघितलं तर विषयच संपतो. आरएक्स 98 सीसी, स्प्लेंडर 97.2, दोघींना चार गिअर, पण आरएक्सची ताकद 11 हॉर्सपॉवर आणि स्प्लेंडरची साडेसातच्या आसपास. आरएक्स टू-स्ट्रोक, तिच्यात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, प्रत्येक फेरीत एकदा पेट्रोल पेटतं, स्प्लेंडर फोर-स्ट्रोक, तिच्यात दोन फेऱ्यांत एकदा, सगळा खेळ तिथंच. सेकंडला पिळली की हँडल हलकं लागतं राव, त्याची सवय वाईट. ॲव्हरेज मात्र मला 35 च्या वर कधी मिळालं नाही, कारण जळालेला गॅस बाहेर पडताना थोडं ताजं पेट्रोल पण त्याच वाटेने निसटतं. स्प्लेंडर डोळे झाकून 60 देते.

पण खरी गंमत ताम्हिणी घाटात कळली. वर चढताना डबलसीट असूनही आरएक्स थर्डवर निघाली, स्प्लेंडरला सेकंड टाकून ट्रकच्या मागं रडत यावं लागतं. उतरताना सगळं उलटं. स्प्लेंडर थर्डला ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला नुसतं बोट लावायचं. आरएक्सला इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नाहीच, सोडली की ती आपली पळतच राहते आणि पुढं-मागं दोन्हीकडे ड्रम, दहा मिनिटांत ब्रेकचा वास यायला लागला आणि माझे हात गार पडले. वर आणखी एक भानगड म्हणजे टू-टी ऑईलचा (टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत जळणारं, पिस्टनला वंगण देणारं तेल) पंप इंजिनावर फिरतो पण तेल किती सोडायचं हे ॲक्सिलरेटरच्या केबलवर ठरतं, त्यामुळं लांब उतारावर मूठ बंद ठेवली की पिस्टनला तेल कमी. म्हणून मी उतारावर मधून मधून रेस देतो, मागचा विचारतो याला काय झालंय.

मेंटेनन्सचं म्हणाल तर स्प्लेंडरला ऑईल बदला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा, चेन ताणा, झालं. आरएक्सचा पिकअप सहाव्या महिन्यात गेला, मला वाटलं इंजिनचं काम निघालं, तर सायलेन्सरमध्ये कार्बन बसलेला, चूक माझीच, पंप असूनही पेट्रोलमध्ये वरून हात सैल सोडून टू-टी ओतत होतो. एका गॅरेजवाल्याने तर बघायच्या आधीच बोअर-पिस्टन, म्हणजे सिलिंडर कापून नवा पिस्टन, सांगितला होता! दुसऱ्याने सायलेन्सर साफ केला आणि गाडी परत बोलायला लागली.

दोन्ही 15 वर्षांच्या वरच्या, त्यामुळं दर पाच वर्षांनी री-पासिंग आहेच. रोजच्या कामाला मी स्प्लेंडरच काढतो, रविवारी आरएक्स, आणि घाट उतरायचा असेल तर रविवारी पण स्प्लेंडर. कुणी आरएक्स बघायला जाणार असेल तर रंग-क्रोम नंतर बघा, आधी पिस्टन कितव्या ओव्हरसाइजवर आहे, म्हणजे सिलिंडर कापून मोठ्या मापाचा पिस्टन किती वेळा टाकलाय, ते विचारा. मी विचारलं नव्हतं, माझा दोनदा झालेला निघाला.