घरचा म्युझिक सर्व्हर, आठ महिन्यांनंतर: रास्पबेरी पाय, नॅव्हिड्रोम आणि आप्पांच्या कॅसेटी

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगतो, करा, पण सुरुवातीचे दोन-तीन महिने रोज अर्धा-पाऊण तास द्यायची तयारी असेल तरच. बाकीच्यांनी पुढं वाचा, लांब झालंय, कारण मशीनबद्दल लिहायला बसलो आणि गाणी, बातम्या, राजकारण सगळं एकातएक येत गेलं, ते वेगळं काढता येत नाही मला.

सेटअप साधा आहे. रास्पबेरी पाय ४ म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, ४ जीबी रॅमचा, त्याला यूएसबीनं १ टीबीची एसएसडी, त्यावर नॅव्हिड्रोम. नॅव्हिड्रोम म्हणजे फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर, तुमच्याकडच्या गाण्यांच्या फाइली वाचतं आणि स्ट्रीमिंग ॲपसारखी लायब्ररी करून देतं, ब्राउझरमध्ये पण आणि फोनवर पण. फोनला सिम्फोनियम ॲप टाकलंय, त्याचे पैसे एकदाच भरले. केस, चार्जर, वायरी सगळं धरून १२ हजारांच्या आसपास गेले. चोवीस तास चालू असतो, ५ वॅटच्या आसपास खातो, म्हणजे महिन्याला साडेतीन-चार युनिट, बिलात कळतसुद्धा नाही.

आता हे केलं का. मी सहा वर्षं एका मोठ्या ॲपला पैसे भरत होतो, नाव घेत नाही. नाट्यसंगीत आणि अभंगांची एक लिस्ट मी गाणं गाणं शोधून केली होती, आप्पांसाठी. एक दिवस आप्पा म्हणाले, "अरे ते गाणं लागंना झालंय बघ." बघतो तर लिस्टमधली चाळीसेक गाणी राखाडी झालेली. मेसेज नाही, मेल नाही, काही नाही. काही गाणी दुसऱ्या अल्बममध्ये सापडली, काही सापडलीच नाहीत. मी पैसे भरत होतो आणि त्या पैशात माझं असं काहीच नव्हतं, हे त्या दिवशी नीट कळलं.

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचं करारावरून जमलं नाही आणि गाणी उडाली, बातमी सगळीकडं होती. ३१ जानेवारी २०२४ ला रेसो हे गाण्यांचं ॲप भारतात बंद झालं. त्याच वर्षी एअरटेलनं आपलं गाण्यांचं ॲप विंक बंद करायचं ठरवलं. प्रत्येक वेळी मी बातम्या शोधून वाचल्या आणि प्रत्येक वेळी मला वाचायला मिळालं ते मार्केट शेअर, कोणाला फायदा, कोणाला तोटा. ऐकणाऱ्या माणसानं चार-पाच वर्षं बसून केलेल्या लिस्टचं काय होतं हा प्रश्न मला कुठं दिसला नाही. टेक्नॉलॉजीची बातमी म्हणजे कंपनीची बातमी असं झालंय आणि ते मला मनापासून खटकतं.

२०१७ चं आठवतंय का? "एमपी३ संपला" अशा हेडलाइन आल्या होत्या. झालं काय होतं तर एमपी३ ज्यांनी घडवला त्या जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेनं २३ एप्रिल २०१७ ला लायसन्स द्यायचा कार्यक्रम बंद केला, कारण पेटंटच संपत आली होती. म्हणजे एमपी३ मेला नव्हता, मोकळा झाला होता, आता कोणीही कोणाला पैसे न देता वापरू शकत होतं! चांगली बातमी मयताची म्हणून छापली. माझ्या ओळखीत तेव्हा एकानं घाबरून आपल्या सगळ्या फाइली दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून घेतल्या आणि मूळ उडवल्या, आवाज खराब झाला तो कायमचा. म्हणून बातमी वाचताना नेमकं काय बंद झालं आणि कोणासाठी, एवढं तरी बघा.

बरं, वापराकडं येतो. पहिल्या महिन्यात मेमरी कार्ड गेलं. पावसाळ्याचे दिवस, आमच्या कोल्हापुरात लाईट येते-जाते करत होती आणि चालू कार्डावर लिहिणं सुरू असताना वीज गेली की कार्ड बाद व्हायची शक्यता असते. आता सिस्टिम पण एसएसडीवरच टाकली आणि पाय आणि राउटर दोघांना छोटा यूपीएस दिला, त्यानंतर एकदाही त्रास नाही. दुसरी अडचण बाहेरून ऐकायची. बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडं एकच पब्लिक आयपी पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळं राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होत नाही. फोन आणि घरचा सर्व्हर खासगी जाळ्यात जोडणारं टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर टाकलं आणि प्रश्न मिटला, घरगुती वापराला फुकट आहे. मी पुण्याला गेलो तरी गाडीत घरचीच गाणी वाजतात.

पण खरा फायदा मला घराच्या आतच दिसला. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात इंटरनेट बंद केलं होतं ते इथल्या लोकांना आठवत असेल. त्या दिवसांत पेमेंट बंद, पोरांचे क्लास बंद, आणि आप्पांचं सकाळचं गाणं पण बंद, कारण सगळं क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेलं. अफवा पसरू नये म्हणून नेट बंद करतात हे मला समजतं, मी त्या दिवसांत इथंच होतो, वातावरण काय होतं ते बघितलंय. पण सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलं की असे आदेश जाहीर करायला पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. हे किती जणांना माहीत आहे? प्रत्येक पक्षाच्या माणसानं हे विचारलं पाहिजे, कारण सरकार बदलतं, बटण तेच राहतं. आता मात्र नेट गेलं तरी घरच्या वायफायवर सर्व्हर चालतो, मागच्या महिन्यात केबल तुटली तेव्हा दीड दिवस नेट नव्हतं आणि आप्पांना पत्तासुद्धा लागला नाही.

आप्पांना हे काही नवीन नाही म्हणा. त्यांचे वडील बुधवारी रात्री कोपऱ्यावरच्या हॉटेलात सिलोन ऐकायला जायचे. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर आपले मराठीच, शास्त्रीय संगीताचे मोठे प्रेमी, आणि त्यांच्याच काळात आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ गेली. लोक सगळे रेडिओ सिलोनकडं वळले, बिनाका गीतमाला गाजली, आणि शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. पेटीचं तर त्याहून वाईट, १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. आप्पा स्वतः भजनी मंडळात पेटी वाजवायचे, ते म्हणतात, "आमची पेटी देवळात चालती आन् रेडिओला चालत न्हाई, ह्यो कुठला न्याय रं?" शास्त्रीय गायकांना रेडिओनं जगवलं हे पण तितकंच खरं, ते मी नाकारत नाही. पण काय ऐकायचं हे तेव्हा मंत्री ठरवायचे आणि आता करार ठरवतात.

आता टॅगिंग. सगळ्यात जास्त वेळ इथं गेला आणि सगळ्यात जास्त आनंद पण इथंच मिळाला. नॅव्हिड्रोम फोल्डर बघत नाही, फाइलमध्ये लिहिलेले टॅग, म्हणजे गाणं, गायक, अल्बम यांची नावं बघतो. माझ्याकडं पहिल्या दिवशी भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी आणि भारतरत्न पं. भीमसेन जोशी असे चार वेगवेगळे गायक दिसत होते. जुन्या सीड्यांवरून आलेल्या काही फाइलींत श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं होती, ती युनिकोड, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीत नाहीत, त्यामुळं नुसती चिन्हं दिसतात, ती सगळी हातानं परत लिहिली. आणखी एक बारीक गोष्ट, 'ऱ्या' मधला ऱ कॉम्प्युटरवर दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला एकच, पण सर्चला दोन वेगळी अक्षरं. त्यामुळं 'वाऱ्या' शोधलं की अर्धीच गाणी यायची. आठवडाभर डोकं खाल्लं याने, शेवटी पिकार्ड या टॅग लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक स्क्रिप्ट लावून सगळीकडं एकच ऱ केला.

आणि मग गीतकार. २०२५ च्या मोठ्या अपडेटपासून नॅव्हिड्रोममध्ये संगीतकार, गीतकार वेगळे दिसतात, क्लिक केलं की त्या माणसाचं सगळं काम समोर. मी आंबेडकरी चळवळीतले कवी वामनदादा कर्डक यांचं नाव टाकत गेलो आणि जी गाणी मी लहानपणापासून जयंतीला गल्लीत ऐकत आलो ती एकामागून एक त्यांच्या नावाखाली गोळा व्हायला लागली. ॲपवर यातल्या बऱ्याच गाण्यांना मला नुसतं गायकाचं आणि कंपनीचं नाव दिसायचं. माणसानं जन्मभर लिहायचं आणि त्याचं नाव एका रिकाम्या रकान्यात हरवायचं हे फार वाईट आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा हक्क पक्का केला, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले, ते फार मोठं काम झालं. पण नावच लिहिलेलं नसेल तर पैसे पोचणार कोणाकडं?

आवाजाबद्दल पण खरं ते सांगतो. सीड्या मी फ्लॅकमध्ये काढल्यात, म्हणजे सीडीवरचं सगळं जसंच्या तसं, काही न गाळता, जागा साधारण अर्धी. वायरच्या हेडफोनवर जुन्या १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बऱ्याच दाबलेल्या एमपी३पेक्षा फरक स्पष्ट कळतो, तानपुरा भरून येतो. पण ३२० च्या एमपी३ आणि फ्लॅकमधला फरक मला डोळे मिटून ऐकवलं तर सांगता आला नाही, आणि साध्या ब्लूटूथवर तर आवाज परत दाबूनच जातो. स्पॉटिफायनं लॉसलेसची, म्हणजे फ्लॅकसारख्या काही न गाळलेल्या आवाजाची घोषणा फेब्रुवारी २०२१ मध्ये केली आणि आणलं सप्टेंबर २०२५ मध्ये, त्यावर केवढी चर्चा! ब्लूटूथवरच ऐकत असाल तर त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याचं विचारणारे असतात म्हणून, माझ्या सर्व्हरवर माझ्याच सीड्या, माझ्याच कॅसेटी आणि विकत घेतलेल्या फाइली आहेत, घरच्यापुरत्या. जुन्या तबकड्यांचं सांगायचं तर आपल्याकडं रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षांचा. १९६० मध्ये निघालेली तबकडी २०२० अखेर मोकळी झाली. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ मध्ये गेले म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत, सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०६२ पर्यंत. आधी हे ५० वर्षं होतं, पण रवींद्रनाथांचं साहित्य १९९१ अखेर मोकळं होणार म्हणताना मुदत वाढवून ६० केली. एका माणसाच्या साहित्यासाठी सगळ्यांची मुदत वाढली. मला ६० वर्षं जास्त वाटतात, पण जिवंत कलाकाराला आज मिळायला पाहिजे त्यात मात्र एक रुपया कमी नको.

शेवटी कॅसेटी, यासाठीच खरं तर एवढा खटाटोप. आप्पांच्या लोखंडी ट्रंकेत ६३ कॅसेटी निघाल्या. जुना डेक दुरुस्त करून घेतला, रबराचा पट्टा बदलला, हेड स्पिरिटनं पुसला, आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर एकेक उतरवतोय. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात, त्याला शॉर्टकट नाही. हेडचा कोन स्क्रूनं जरा फिरवला की बुजलेला आवाज एकदम उघडतो, हे आप्पांनीच दाखवलं, ते एसटीच्या वर्कशॉपला होते, हात अजून तयार आहे. आठ महिन्यांत २२ झाल्या. एक सूचना, नॉइज काढायचं फिल्टर जपून वापरा, मी पहिल्या चार कॅसेटींवर जोरात वापरलं तर टाळांचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा झाला, मूळ फाइल ठेवली होती म्हणून वाचलं.

त्यात एक कॅसेट आहे १९९६ ची, आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची, टेपरेकॉर्डर मधे ठेवून केलेली. सात माणसं, आप्पा पेटीवर. नऊ अभंग. जगात ही एकच प्रत होती. मला वाटलं नेटवर टाकावी, सगळ्यांना ऐकू दे. शब्द तुकोबांचे, ते सगळ्यांचेच. पण आवाज त्या सात जणांचे, आणि १९९४ च्या दुरुस्तीपासून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा पण हक्क मानला जातो, आज तो ५० वर्षांचा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी विचारायला पाहिजेच ना. म्हणून आप्पांना घेऊन घरोघरी गेलो. सातातले चार वारलेत. दोन घरांनी पेन ड्राइव्हवर प्रत मागून घेतली आणि लगेच हो म्हणाले. एक पखवाजवाले काका आहेत, आता ऐकू कमी येतं, त्यांनी हेडफोन लावून तिसरा अभंग दोनदा ऐकला आणि म्हणाले, "हितं माझा ठेका चुकलाय, हे भाईर जाऊ देऊ नगंस." आप्पा म्हणतात कुठं चुकलाय, मला पण ऐकू येत नाही. पण काकांनी नको म्हटलंय म्हणून ते रेकॉर्डिंग फक्त घरच्या सर्व्हरवर आहे, सातही नावं टॅगमध्ये लिहून, आणि सकाळी साडेपाचला आप्पा तेच लावतात.