व्यसनमुक्तीच्या नावाखाली ६३,५०० रुपये लुबाडले, पुणेकरांनो सावध राहा

गाडीचे ६,५००, तीन महिन्यांचे आगाऊ ४५,०००, मागाहून 'औषधांचे' १२,०००. एकूण ६३,५०० रुपये मोजून दारूच्या आहारी गेलेल्या माझ्या दादाला आम्ही ज्या 'केंद्रा'त ठेवलं, तिथे डॉक्टर फिरकलाच नाही.

यांची पद्धत बहुतेकांना माहीत आहे. मोबाइलवर पहिली जाहिरात त्यांचीच. "ताई, काळजी करू नका, पेशंट तयार नसला तरी आमची मुलं येऊन घेऊन जातात." पण खरं खटकायला हवं होतं ते पैसे पाठवताना. पावतीवर संस्थेचं नाव, शिक्का, वर 'सेवाभावी'. आणि क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं भलत्याच बाईचं. मी विचारलंसुद्धा! "मॅडमचं अकाउंट आहे, ट्रस्टचं ऑडिट चाललंय." तेवढ्यावर मी पिन टाकला. आत दादा थरथरतोय, भिंतीवर किडे दिसतात म्हणून उशी आपटतोय, वहिनी मुलांना घेऊन शेजारी जाऊन बसलेली. अशा वेळी कोण नावं तपासत बसेल? घाबरलेल्या घराला लुटणं हाच यांचा धंदा आहे.

ते किडे दिसणं म्हणजे काय, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की दोन-तीन दिवसांत भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. असा माणूस आधी हॉस्पिटलमध्ये न्या.

"सुरुवातीला भेट नाही, पेशंटचं मन चलबिचल होतं," असं सांगून आम्हाला लांब ठेवलं. भेटू देत नाहीत तिथे माणूस ठेवूच नका. वहिनी हट्टाने गेली तेव्हा दादाच्या दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे रुग्णही येतात. रुग्णाला आवरायला बांधायचंच झालं तर मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी लागते. इथे तज्ज्ञच नव्हता.

त्याच दिवशी दादाला घरी आणलं आणि तक्रारीला लागलो. चौकीत ऐकवलं, "सही तुम्हीच केलीत, पैसे राजीखुशीने दिलेत, हे दिवाणी प्रकरण." सायबरवाले म्हणाले, व्यवहार समोरासमोर झालाय, आमच्याकडे येत नाही. सरकारी कार्यालयात अर्ज तीन प्रतींत मागितला, पोच द्यायला साहेब जागेवर नाहीत, आणि शेवटी उत्तर काय, तर "ही संस्था आमच्याकडे नोंदलेलीच नाही, आम्ही कारवाई कशी करणार?" अहो, नोंदणी नाही हीच तर तक्रार आहे! वळांचे फोटो दाखवले तर "मेडिकल कुठाय?" माणूस बांधून ठेवलेला असताना मेडिकल कोण करणार होतं? ती गाडी आजही फिरतेय, जाहिरात चालू आहे.

येरवड्याजवळ १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी उभं केलेलं. आम्हाला ते ठाऊक नव्हतं असं नाही. ओळखीचं कुणी भेटेल, दोन्हीकडच्या नातेवाइकांत बोभाटा होईल, म्हणून वहिनी तयार नव्हती. तिला दोष देणाऱ्यांनी आधी तिच्या जागी एक रात्र काढावी. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणी प्रमाणपत्र बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नसते, घरच्यांसाठी तसाच अल-अनॉन गट आहे. वहिनी आता तिथे जाते. आणि न सांगता जेवणात मिसळायच्या पुड्या विकणाऱ्यांना दारातही उभं करू नका. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वर दारू पोटात गेली, तर जिवावर बेतेल.

कोऱ्या कागदावर सही मागून गाडी पाठवणारं केंद्र तुमच्याही वाट्याला आलं असेल, तर पावत्या आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट फेकू नका. एकट्याच्या अर्जाला कुणी विचारत नाही; आपण मिळून तक्रार करू.