‘नोटो’ची अवयवदान नोंदणी : सोय उत्तम, पण घरच्यांशी बोलणे आपल्यालाच करावे लागते

गेल्या महिन्यात आईने आणि मी राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे ‘नोटो’च्या, संकेतस्थळावर मरणोत्तर अवयवदानाचा संकल्प नोंदवला. सप्टेंबर २०२३ पासून ही नोंदणी आधार क्रमांकाच्या पडताळणीने होते. शुल्क काहीच नाही आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. कोणते अवयव, कोणत्या ऊती द्यायच्या हे आपणच निवडायचे असते. हृदय, यकृत, मूत्रपिंडे आईने न थांबता निवडली, त्वचेपाशी मात्र तिचे बोट थबकले. मांडीवरून किंवा पाठीवरून त्वचेचा फक्त पातळ थर घेतात, तो भाजलेल्या रुग्णांना लावतात आणि देह विद्रूप होत नाही, हे समजावून सांगितल्यावर तिने तीही निवडली.

सोयीच्या दृष्टीने या सेवेला मी पूर्ण गुण देईन. तरीही हे लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे.

दोन वर्षांपूर्वी वर्धा रोडवर मामांना अपघात झाला आणि नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात डॉक्टरांनी ते मेंदूमृत झाल्याचे, म्हणजे त्यांच्या मेंदूचे काम कायमचे थांबल्याचे, सांगितले. कायद्यानुसार चार डॉक्टरांचे पथक किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते, त्यानंतरच मेंदूमृत्यू प्रमाणित होतो. पण हे आम्हाला तेव्हा कुणी नीट बसवून सांगितले नाही. व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होत होती. मामी त्यांचे तळपाय हातात धरून बसली होती. “पाय अजून गरम आहेत ना रे, मग गेले कसे म्हणता?” हा तिचा प्रश्न होता आणि आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हते. अवयवदानाबद्दल मामांची इच्छा काय होती, हेही कुणाला ठाऊक नव्हते. आमची चर्चा संपण्याआधीच त्यांचे हृदय थांबले आणि अवयवदान राहून गेले.

म्हणूनच हे ठळकपणे सांगावेसे वाटते की संकल्प नोंदवलेला असला, तरी प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा जवळच्या नातेवाइकांची संमती घेतली जाते. ती मिळाल्यावर विदर्भात पुढचा समन्वय नागपूरचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहते, अवयव प्रतीक्षायादीनुसार दिले जातात आणि अवयव काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडत नाही. मात्र ‘हो’ म्हणणारे माणूस अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर रडत बसलेले असते, आणि त्याला तेव्हा पहिल्यांदाच हा विषय ऐकायला मिळू नये.

या कारणासाठी मला ‘नमुना ७’ हा कागदी अर्ज अधिक जवळचा वाटतो. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यांपैकी एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. त्यामुळे निदान एका माणसाशी तरी बोलावेच लागते. ऑनलाइन नोंदणी करणाऱ्यांनी प्रमाणपत्र मोबाइलमध्ये न ठेवता त्याच दिवशी घरात वाचून दाखवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काही शंका असल्यास १८००-११-४७७० हा ‘नोटो’चा टोल फ्री क्रमांक आहे.

आम्ही दोन्ही केले. आईच्या कागदी अर्जावर सही करायला मामी मानेवाड्याहून आली. तिने प्रत्येक ओळ वाचली, मेंदूमृत्यूचा अर्थ माझ्याकडून पुन्हा एकदा समजून घेतला, सही केली आणि मग स्वतःसाठी एक कोरा अर्ज मागून घेतला.